आजोबांचा पोळा उशिरा का येतो

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलेलं होतं. नारायणगावात पाणी आलं की घरातली बाकीची कामं आपोआप मागं सरतात. एका शेगडीवर दूध, दुसरीवर तवा, आणि माझा एक कान न्हाणीतल्या पिंपाकडे. ह्यांचा डबा अजून भरायचा होता. हायवेला टोमॅटोच्या पिकअपचे हॉर्न सुरू झाले होते. तेवढ्यात दाराची कडी वाजली. आमच्या दाराला बेल आहे, चांगली चिमणीसारखी वाजते. तरी कडीच वाजवणारी माणसं डिंगोरे गावची असतात, हे मला न बघता कळतं.

दार उघडलं तर आरती. बोटाला पाच वर्षांची आरोही. लेकीच्या अंगात स्वेटर, पायात बूट, आणि केस मात्र रात्रीचेच, न विंचरलेले. ते केस पाहिले आणि मला कळलं, काहीतरी बिनसलंय. आरतीची वेणी हा आमच्या घरात एके काळी चेष्टेचा विषय होता. अकरावी-बारावीला ती आमच्याकडे राहिली होती, आणि भांग सरळ पडल्याशिवाय ही मुलगी कॉलेजची बससुद्धा सोडून द्यायची.

"काकू, पाणी आलंय ना? मी भरते," असं म्हणून ती सरळ न्हाणीत गेली. कशी आहेस, कधी निघालीस, काही विचारायला सवडच ठेवली नाही. मी आरोहीला ओट्याशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि दुधाचा पेला पुढे केला. तिनं दोन्ही हातांनी तो धरला, पण प्यायली नाही.

"आजोबा काय करतायत?" मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"रानात गेले," ती म्हणाली. मग पेल्यात बघत, "आईशी बोलत नाहीत."

न्हाणीत बादली आपटल्याचा आवाज झाला.

आरती म्हणजे डिंगोऱ्याच्या सोपानभावजींची मुलगी. भावजी ह्यांचे मावसभाऊ, वयानं मोठे. घरची जमीन पिढ्यान् पिढ्यांची, थोडी ओढ्याकाठी, थोडी वर भाताची खाचरं. साळुबाई, म्हणजे आरतीची आई, कामाला वाघीण आणि बोलायला गाय. पाठचा भाऊ गोरख. त्र्याण्णव साली आरती दहावीला तालुक्यात वरच्या नंबरात आली आणि भावजी स्वतः तिला आमच्याकडे सोडायला आले. डोक्यावर तांदळाचं बोचकं, मागून ही, नवीन चपला हातात घेऊन. का, तर वाटेत चिखलानं खराब होतील म्हणून. भावजी मला म्हणाले होते, "वहिनी, हिला घरचं काम सांगत चला, न्हाईतर पुस्तकातनं मान वर काढायची न्हाई." सांगायची वेळ आली नाही. पोर न सांगता करायची. आत्ता न्हाणीत शिरली तशीच.

पुढं ती पुण्याला बी.एस्सी. झाली. अठ्ठ्याण्णवला लग्न झालं, सासर मंचरचं. सुदर्शन इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर, शांत मुलगा. त्याला हॉलंडमधल्या आइंडहोवन नावाच्या गावी नोकरी लागली आणि दोघं तिकडं गेली. आरोही तिथलीच. त्यानंतर आरती दोनदा येऊन गेली होती, पण दोन्ही वेळा उन्हाळ्यात. सणाच्या दिवसांत ती पहिल्यांदाच आली होती, यंदा, पोळ्यासाठी. सुदर्शनला रजा नव्हती, म्हणून मायलेकीच आल्या. रविवारी परत जायचं होतं.

पाणी गेलं. ह्यांना डबा देऊन मी वाटेला लावलं. आरती ओले हात पदराला पुसत स्वयंपाकघरात आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. पाट दिला तो तिनं घेतला नाही. आरोहीला मी पुढच्या खोलीत टीव्हीवर कार्टून लावून दिलं. मग कांदा चिरायला घेतला. समोरच्यानं आपल्याकडे एकटक पाहिलं नाही की माणसाला बोलणं सोपं जातं. कांदा संपला तेव्हा मी भेंडी घेतली, आणि भेंडी संपली तेव्हा ती बोलायला लागली.

तिनं सुरुवात कुठून करावी? तर तिथल्या पहिल्या दिवाळीपासून.

तिथं दिवाळी थंडीत येते, आणि पाच वाजताच अंधारून येतं. पहिल्या वर्षी तिनं चकलीची भाजणी मिक्सरवर दळली, तर खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं काठीनं छत ठोकलं. दारापुढे रांगोळी काढली, ती सफाईवाल्या बाईनं, कुणीतरी पीठ सांडलं असं समजून, नीट पुसून घेतली. आरती रडली नाही. आरोही तेव्हा पाळण्यात होती. तिनं ठरवलं, ह्या मुलीला आपले सगळे सण कळले पाहिजेत. गणपती बसवला, बादलीत बुडवला, ते पाणी कुंडीतल्या गुलाबाला घातलं. नागपंचमीला पाटावर हळदीनं नाग काढला. संक्रांतीला शेजारच्या डच बाईला तिळाचे लाडू नेऊन दिले. 'गोड बोला' हे डच भाषेत कसं सांगायचं ते न कळल्यामुळे नुसतीच हसून परत आली. एवढं ऐकून मला तिचं कौतुकच वाटलं, तसं मी म्हणालेही. तिनं मान हलवली.

"कौतुक करू नका काकू. पुढचं ऐका."

त्या गावात दहा-पंधरा मराठी घरं होती. त्यांचं मंडळ होतं. सण कधीही असो, मंडळाचा कार्यक्रम शनिवारीच, कारण हॉल शनिवारी मिळायचा. आरोहीला कितीतरी दिवस वाटायचं की सण नेहमी शनिवारीच येतो. मंडळात बहुतेक पुण्या-मुंबईची मंडळी, शिकलेली, नीट बोलणारी. कुणी विचारलं तर आरती सांगायची, "मी पुण्याची." पुण्यात कुठं, असं पुढं विचारलं तर म्हणायची, "म्हणजे, जुन्नरच्या बाजूला." डिंगोरे हे नाव तिच्या तोंडून निघायचं नाही. का निघत नाही, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

मंडळात नागपूरच्या एक बाई आल्या. मोठ्या हौशी. त्यांच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान मुलं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. त्यांनी तो मंडळात सुरू केला. मुलांना तो इतका आवडला की विचारू नका. आरोहीनं आपल्या लाकडी बैलाला रंगीत कागदाची झूल केली. तिच्या गळ्यातली मण्यांची माळ त्याच्या गळ्यात घातली. हॉलभर तो चाकावर ओढत फिरली. हा झाला श्रावणातल्या अमावास्येचा पोळा, पंचांगात असतो तो.

आमच्याकडचं वेगळं आहे. जुन्नर-आंबेगावात पोळा श्रावणात नसतो, भाद्रपदात असतो, सर्वपित्री अमावास्येला. श्रावणात इकडे भाताच्या खाचरांची कामं चालू असतात, बैल गुडघाभर चिखलात. कामाच्या तोंडावर त्याला कसला सण? कामं उरकली, बैल मोकळा झाला, की मग त्याची शिंगं रंगवायची. एकीकडे पितरांना पान ठेवायचं आणि दुसरीकडे बैलाला पुरणपोळी चारायची, हे आमच्याकडे एकाच दिवशी, एकाच चुलीवर होतं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

त्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आरती बोलून गेली, की आमच्याकडे पोळा अजून महिन्यानं. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "पितरांच्या अमावास्येला? मग श्राद्ध कधी घालता, दिवाळीत?" सगळ्या हसल्या. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. खाचर, चिखल, मोकळा झालेला बैल, सगळं आरतीच्या जिभेवर आलेलं होतं. तिनं ते गिळलं आणि त्यांच्याबरोबर हसली. "हो ना," म्हणाली, "आमच्याकडे खेड्यात काही पण चालतं."

इथपर्यंत तरी ठीक होतं. कोण कुठं काय गिळत नाही? पण गोष्ट तिथं थांबली नाही.

महिन्यानं भाद्रपदाची अमावास्या आली. संध्याकाळी त्याच दोघी-तिघी बायका आरतीकडे चहाला आल्या होत्या, आणि डिंगोऱ्याहून फोन आला. सोपानभावजी दर वर्षी पोळ्याला फोन करायचे. बैल मारुतीला फिरवून आणले, पोळी चारली, हे सांगायला. त्यांनी नातीला फोन द्यायला सांगितलं. ते नातीला म्हणाले, "आज आपला पोळा हाय बरं का, राजा-पाखऱ्याला सजवलंय." आरोही म्हणाली, पोळा तर कधीच झाला, शनिवारी. भावजी हसले. फोन ठेवल्यावर मुलीनं सगळ्यांसमोर आईला विचारलं, आजोबांचा पोळा उशिरा का येतो?

आरतीनं हातातली कपबशी खाली ठेवली. तिला ते वाक्य सुचलं, आणि सुचलं म्हणून बोलली.

"आजोबांना कॅलेंडर वाचता येत नाही ना, म्हणून."

बायका खूप हसल्या. आरती सांगते, तिलाही बरं वाटलं, आपण बोललो त्यावर सगळे हसले म्हणून. हसली नाही ती आरोही. तिचा चेहरा एवढासा झाला.

पुढच्या खोलीतून कार्टूनचा आवाज येत होता. मी भेंडी फोडणीला टाकली, आणि ती माझ्या पाठीकडे बघत हळू आवाजात पुढं बोलली. मी त्या घरात इतकी वर्षं येते-जाते, पण ते मला ठाऊक नव्हतं.

ते वाक्य खरं होतं.

सोपानभावजी दुसरीतून उठले आणि गुरांमागं गेले. सही येते, आकडे थोडे कळतात, पण वाचता येत नाही. गावात कुणाला हे माहीत नाही. भजनाला ते पुस्तक समोर धरून बसतात, सगळं तोंडपाठ असतं, पान कुठलं का उघडं असेना. घरात माहीत होतं साळुबाईंना आणि आरतीला. आरती वाचायला शिकल्यापासून भिंतीवरचं कॅलेंडर तीच वाचायची. अमावास्या कधी कधी दोन दिवसांत विभागून येते. मग गावातली माणसं विचारायला यायची, सोपानराव, पोळा आज धरायचा का उद्या? त्यांच्या घरच्या बैलाला मान आहे, मारुतीला पहिला फेरा त्याचा. भावजी म्हणायचे, "थांबा, बघून सांगतो." आत यायचे. लेक स्टुलावर चढून, तोंडातल्या तोंडात वाचून सांगायची. आणि ते बाहेर जाऊन भारदस्त आवाजात सांगायचे, उद्या. असं वर्षानुवर्षं चाललं. बापानं तिला कुणाला सांगू नकोस असं कधी म्हटलं नाही. म्हणायची गरज वाटली नाही त्यांना.

"आई आणि मी सोडून ते कुणाला माहीत नव्हतं काकू," आरती म्हणाली, "आणि मी ते हसायला दिलं."

तिकडं हॉलंडात डिसेंबरात पांढऱ्या दाढीचा एक संत घोड्यावर बसून येतो म्हणतात. मुलं रात्री आपल्या बुटात त्याच्या घोड्यासाठी गाजर ठेवतात. सकाळी गाजर जाऊन खाऊ आलेला असतो. त्या वर्षी त्या खाऊत आरोहीला एक कॅलेंडर मिळालं, पानापानावर गाईवासरांचं चित्र असलेलं. तिनं ते भिंतीला लावू दिलं नाही. गादीखाली ठेवलं. आरतीला वाटलं, चित्रं आवडली असतील.

ह्या वेळी बॅग भरताना तिनं ते कपड्यांत पाहिलं होतं. राहू दे, म्हणाली. तिला ते वाक्य आठवतही नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी डिंगोऱ्याला घर भरलेलं होतं. भावजींची मोठी बहीण झुंबरबाई आलेली, भावकीतली माणसं, शेजारचे गेणभाऊ. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलानं मळून झाले होते. सकाळी ओढ्यावर धुऊन आणले, शिंगं रंगवली, बेगड चिकटवला, गोंडे बांधले. आरोही सकाळपासून भावजींच्या पायात पायात. बैलाला ती भीत नव्हती. भावजींनी ठरवलं होतं, यंदा मानाच्या बैलाचा कासरा नातीच्या हातात द्यायचा, आपण मागून धरायचं. कासऱ्याला मुलीचा हात लावायची पद्धत नाही. झुंबरबाई कुरकुरल्या होत्या. भावजी त्यांना म्हणाले होते, "माझ्या आरतीला दिला न्हाई, ती चूक झाली. आता नातीला देतो."

बैलांची पूजा झाली. साळुबाईंनी पोळी चारली. बाहेर ताशा वाजायला लागला. सगळे अंगणात जमलेले. आणि आरोही आत धावत गेली, ते कॅलेंडर घेऊन आली. भावजींच्या हातात दिलं.

"आजोबा, हे तुमच्यासाठी. मी तुम्हाला वाचायला शिकवते. मग तुमचा पोळा उशिरा येणार नाही."

भावजींना आधी कळलं नाही. ते हसले. झुंबरबाईंनी विचारलं, "म्हंजी गं काय बाळ?"

"आई म्हणते, आजोबांना कॅलेंडर वाचता येत नाही. म्हणून त्यांचं चुकतं."

गेणभाऊ तोंडाला फटकळ. ते म्हणाले, "घ्या सोपानराव, मास्तरीण परदेशातनं आली. आता पाटी-पेन्शिल आणा." माणसं हसली. आणि मग आरतीच्या म्हणण्याप्रमाणे हसता हसता एकेकाचं हसू थांबायला लागलं. कारण भावजी हसत नव्हते. ते त्या कॅलेंडरकडं बघत होते, आणि ते त्यांनी हातात आलं तसंच, उलटं धरलेलं होतं.

तेव्हाच आरती पुढं झाली. म्हणाली, "लहान आहे ती, काहीतरी बडबडते. मी कशाला असं म्हणेन? टीव्हीवर ऐकलं असेल कुठं."

"नाही, तूच म्हणालीस," आरोही म्हणाली. "त्या मावशी चहाला आल्या होत्या ना, तेव्हा."

"आरोही, खोटं बोलायचं नाही."

हे तिनं मोठ्यानं म्हटलं. दंडाला धरून म्हटलं. मुलीनं वर तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुढं एक अक्षर बोलली नाही. ती रडली असती तरी परवडलं असतं, असं आरती मला म्हणाली.

भावजी ओट्याच्या पायरीवर बसले. नातीला जवळ ओढलं. कॅलेंडर सरळ केलं आणि म्हणाले, "हं, बोला बाई. हे काय म्हनायचं?" तिनं बोट ठेवत एक, दोन, तीन म्हटलं आणि ते तिच्यामागं म्हणत राहिले. भरल्या अंगणात, सगळ्या माणसांदेखत. ताशेवाला दोनदा बोलवायला आला. भावजींनी मान वर न करता गोरखला सांगितलं, तू घेऊन जा बैल. कासरा गोरखनं धरला. मानाचा बैल सोपानभावजींशिवाय मारुतीला जाऊन आला, असं त्या गावात कधी घडलं नव्हतं. आरोहीनं जायचा हट्टही धरला नाही.

त्या दिवसापासून भावजी सकाळी भाकरी फडक्यात बांधून रानात नेतात. बाजरी काढायला आलीये म्हणतात. बाजरी आलीय हे खरं, पण जेवायला घरी न येण्याइतकं रान लांब नाही. अंधार पडल्यावर येतात, गोठ्याकडं जातात, ताटावर बसतात तेव्हा आरती वाढायला पुढं आली की साळुबाईंना हाक मारतात. लेकीवर ओरडले नाहीत, काही टाकून बोलले नाहीत. तिनं काही विचारलं तर, "हं." नातीशी मात्र नेहमीसारखे. गावात माणसं काय बोलत असतील ते बोलत असतील. गेणभाऊंनी परवा वाटेत विचारलं म्हणे, "काय सोपानराव, आज तारीख कंची?" भावजी त्यांना म्हणाले, "तुज्या बारशाची," आणि पुढं गेले. हे गोरखनं घरी हसत हसत सांगितलं. आरती उठून माडीवर गेली.

साळुबाई तिला म्हणत राहिल्या, जाऊ दे गं, त्यांच्या मनात काय न्हाई. आणि रविवारी तू निघालीस म्हंजी सगळं इसरतील.

"ते विसरतील हीच तर भीती आहे मला," आरती म्हणाली. "मी विमानात बसेन. मग ते पुढच्या पोळ्याला फोन करतील की नाही, तेवढंच बघायचं उरेल."

मी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर बसले. कुणी आपल्या आईबापाच्या कमीपणावर हसलं तर आपण भांडतो, आणि हसणारे आपणच असलो तर कुणाशी भांडायचं? मी विचारलं, आरोहीचं काय?

काल संध्याकाळी ती आरोहीला घेऊन ओढ्यापर्यंत गेली होती. तिथं खाली बसून तिनं मुलीला सांगितलं, की तू खोटं बोलली नाहीस, मी बोलले. आरोहीनं विचारलं, का? आरतीनं सांगितलं, मला लाज वाटली म्हणून. कशाची, असं तिनं विचारलं नाही. थोडा वेळ पाण्यात दगड टाकले. मग म्हणाली, मग आजोबांना पण सांग.

"आणि सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. रात्री ते गोठ्यात होते. ती दारापर्यंत गेली. त्यांनी चाहूल ओळखली असणार, कारण ते वैरणीच्या कोपऱ्याकडे वळून उभे राहिले, आणि तिचा पाय पुढं पडला नाही. सकाळी साळुबाईंना बाजारात जाऊन येते असं खोटंच सांगून ती ओतूरकडच्या पहिल्या जीपमध्ये बसली. आळेफाट्याला जीप बदलून सरळ माझ्याकडे. मुलीचे केस विंचरायचे राहिले, ते इथं आल्यावर लक्षात आलं.

मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. भावजी माझा शब्द मोडत नाहीत, मी त्यांना समजावते. पोर परदेशात एकटी असते, चार बायकांत बोलून जाते, असं सांगते. तिनं नको म्हटलं. तुम्ही सांगितलंत तर ते लगेच बरं म्हणतील, आणि तुमच्यासाठी म्हणतील, असं तिचं म्हणणं. मग मी म्हटलं, आरोहीला इथं ठेव, तू एकटी जा, म्हणजे मोकळं बोलता येईल. त्यालाही ती तयार झाली नाही. जे अंगणात मुलीसमोर नाकारलं ते मुलीसमोरच कबूल करायला हवं, एवढं तिनं येताना जीपमध्येच ठरवलं होतं. झुंबरबाई अजून तिथंच आहेत, त्यांच्यासमोर झालं तरी चालेल, म्हणाली. गेणभाऊ आले तर त्यांच्यासमोर.

"आणि ते काय म्हणतील?" मी विचारलं.

"काय म्हणायचं ते म्हणू देत. आबांनी एकदा माझ्याकडे बघून म्हणावं."

एवढं बोलून ती उठली. फणी कुठं असते हे तिला अजून ठाऊक होतं. आरोहीला मांडीत घेऊन तिनं केस विंचरले, गुंता झाला होता तिथं हळूच सोडवला. मुलीनं एकदाही 'आई गं' केलं नाही. मी दोघींना गरम पोळी आणि भेंडी वाढली. आरोहीनं खाल्लं. आरतीनं ताट पुढं सरकवलं, म्हणाली, आत्ता नको, तिथं जाऊन.

मी विचारलं, मग माझ्याकडे आलीस ती कशासाठी? मी काहीच करायचं नाही का?

ती दाराशी थांबली. आरोहीच्या बुटाची लेस बांधत होती. ती बांधून झाल्यावर उभी राहिली आणि माझ्याकडं नीट बघून म्हणाली,

"रानात मोबाईल आबांच्या खिशात असतो, पण माझा आवाज ऐकला तर ते ठेवून देतील. तुम्ही करा. एवढंच सांगा, आज भाकरी रानात खाऊ नका, आरती येतेय, जेवायला तिच्यासाठी थांबा."